दुमडलेले चार इंच

किसनआबांना पुण्याच्या एका चित्रकाराने फसवलं. पैसे ठरले तेवढे दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाव द्यायचं ठरलं होतं, ते दिलं नाही. चित्र आबांनी काढलं, त्यावर सही चित्रकाराची आहे, आणि ते चित्र एका सैनिकी अकादमीच्या मोठ्या दालनात आजही टांगलेलं आहे. अकादमीचं नाव मी लिहीत नाही, कारण आबांना ते आवडलं नसतं. चित्रकाराचंही लिहीत नाही. ज्याने दुसऱ्याचं नाव झाकलं, त्याचं नाव मी माझ्या हाताने कशाला लिहू? त्याला मी इथे नुसतं चित्रकारसाहेब म्हणणार आहे.

मी फ्रेमवाला. राहू गावाहून सायकलला देवांच्या तसबिरी बांधून आठवडी बाजार केले, मग शिरूरला एस.टी. स्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकली, मग गाळा घेतला. भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही आणि आवाज चढवण्यातही नाही. आता दोन्हीचा थकवा आलाय. डॉक्टरांनी चिडायचं नाही असं सांगितलंय, म्हणून बोलायचं सोडून लिहितोय.

आबा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते भांडायला. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. शेजारचा अर्धा गाळा त्यांनी साइनबोर्ड रंगवायला भाड्याने घेतला होता आणि माझ्या प्लायवूडच्या फळ्या त्यांच्या दारात आल्या होत्या. उंच, काटक, खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन, पायात पॉलिश केलेले जुने बूट. मोज्यांसकट. शिरूरच्या उन्हात.

"ह्या फळ्या कुनाच्या?"

"माझ्या."

"मंग त्या तिरक्या का हायती?"

मला वाटलं, हलवा म्हणतील. त्यांनी हलवा म्हटलंच नाही. स्वतःच सगळ्या फळ्या उचलून एका रेषेत लावल्या, दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या."

आबा निमोणे गावचे. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनीही दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत मेंढरांमागे वाटा तुडवल्या. पुढे कुणा ओळखीच्या जवानाबरोबर ते अकादमीत गेले आणि तिथे रंगारी म्हणून चिकटले. दौंडहून रेल्वेने बराच लांबचा प्रवास होता तो. तीस वर्षं त्यांनी तिथे काय रंगवलं, असं कुणी विचारलं तर सांगायचे, "दगडं आन् नावं." दगड म्हणजे रस्त्याच्या कडेचे, एक पांढरा, एक गेरूचा. आणि नावं म्हणजे सागवानी फलकांवरची सोनेरी नावं. दर सहा महिन्यांनी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी ज्यांना पदक मिळालं, त्यांची. इंग्रजी त्यांना एक वाक्य वाचता येत नव्हतं. अक्षरं मात्र अशी काढायचे की छापखान्याने लाजावं.

सवय गेली नाही. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्या दोघांच्या दारातले दगड ते चुन्याने रंगवायचे. लिंबाच्या झाडाला कमरेएवढा पांढरा पट्टा. समोरचा चहावाला ओरडायचा, "आबा, आज कोन येनार हाय? जनरल का तहसीलदार?"

"कुनीबी येऊ दे," आबा म्हणायचे, "आपन तयार पायजे."

मला याचा फार राग यायचा. गिऱ्हाईक दारात यायचं, रांगेतले पांढरे दगड बघायचं आणि पोलीस चौकी समजून पुढे जायचं. एकदा मी रागाच्या भरात दोन दगड लाथेने उडवले. आबांनी ते परत जागेवर ठेवले आणि माझ्या बुटाला लागलेला चुना आपल्या फडक्याने पुसला. त्यानंतर मी दगडांच्या वाटेला गेलो नाही.

त्यांच्याजवळ मोजपट्टी नव्हती. खिशात एक सुताची दोरी असायची, तिला बोटभर अंतरावर गाठी. त्या दोरीने ते दुकानाचा बोर्ड मोजायचे, भाकरी मोजायचे, एकदा माझ्या मुलीसाठी आलेल्या स्थळाच्या फोटोतल्या पोराचे खांदे मोजले. "खांदं सारकं हायती. पर पाय फोटुत न्हाईत. पाय बगून घ्या."

पायांचं त्यांना वेडच होतं. कॅलेंडर असो, सिनेमाचं पोस्टर असो, आधी खाली बघायचे. रस्त्याने जाणारा माणूस मान वर न करता ओळखायचे. मी विचारलं तर म्हणाले, "मेंढरामागं चालनाऱ्याला दुसरं काय दिसतं? म्होरं धूळ आन् खाली पाय. आमचा बा नुसत्या पायावरनं सांगायचा, हे मेंढरू आपलं का पाव्हन्याचं. शेठ, त्वांड कुनीबी काढतं. पाय ज्याला आलं त्याला चित्र आलं."

शेठ ते मला थट्टेने म्हणायचे. त्या वेळी माझ्या नावावर एक गाळा, न्हावऱ्याच्या रस्त्याला एक पत्र्याचं गोदाम आणि तीन भांडणं, एवढीच इस्टेट होती.

नावाच्या बाबतीत हा माणूस फार कडक. कुणाचं नाव रंगवायचं तर आधी त्या माणसाला कागदावर स्वतःच्या हाताने लिहायला लावायचे, मग तीनदा वाचून घ्यायचे. एकदा वडगाव रासाईहून चार-पाच जण जीप घेऊन आले. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल बदललं होतं. पाण्याच्या टाकीवर आधीच्या चेअरमनचं नाव आबांनीच लिहिलं होतं, ते पुसून नव्या चेअरमनचं टाकायचं होतं.

"नवं नाव टाकतो," आबा म्हणाले. "खाली जागा हाय."

"खाली न्हाई, तिथंच. त्याचं खोडून."

"मी नाव लिव्हितो. खोडत न्हाई."

"आबा, दुप्पट घ्या."

"खोडायला येगळा मानूस बगा. कानस आन् पत्रा घासायचा ब्रश लागतो. माज्याकडं न्हाई."

ब्रश त्यांच्या डब्यात समोरच दिसत होता. त्यांच्यातला एक जण तो उचलून म्हणाला, "ह्यो काय हाय मंग?" आबा म्हणाले, "त्यो बुटाचा." जीप गेली. मी त्या दिवशी त्यांना खूप बोललो. येणारं काम असं लाथाडायचं नसतं, मला भाव करू दिला असता तर तिप्पट काढून दिले असते, वगैरे. आबा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेठ, मानसाचं नाव येकदाच लिव्हायचं. पुसायचं बी न्हाई आन् दुसऱ्यांदा लिव्हायचं बी न्हाई."

"दुसऱ्यांदा का नाही?"

थोडा वेळ ते ब्रश धूत बसले. "तिथं दोन फलक हुतं. येक पदकवाल्या पोरांचा, लाकडाचा. दुसरा काळ्या दगडाचा, लढाईत गेलेल्यांचा. काही नावं मी दोन्हीवर लिव्हली. पयल्या वक्ताला पोरगं समोर हुबं ऱ्हाऊन बगायचं, आपलं नाव नीट येतंय का. दुसऱ्या वक्ताला बा यायचा."

यानंतर मी त्यांच्या कामात तोंड घालणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

शिरूरचे सगळे पेंटर बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात. तीच त्यांची जाहिरात. आबा टाकत नसत. मी म्हणायचो, अहो, गिऱ्हाईकाला कळणार कसं? तर म्हणायचे, "बोर्ड दुकानदाराचा हाय. त्येच्या भितीवर माजं काय काम?"

अशा माणसाने एकदाच, एकाच कामावर आपलं नाव मागितलं. ती गोष्ट आता सांगतो.

अकादमीचा कसलातरी महोत्सव जवळ आला होता. तिथून खूप वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका तुकडीने ठरवलं की, अकादमीचा वारसा, तिथल्या परंपरा एका मोठ्या चित्रात आणून ते चित्र भेट द्यायचं. काम पुण्याच्या चित्रकारसाहेबांना मिळालं. त्यांनी आयुष्यात देवळं, घाट आणि नऊवारीतल्या बायका काढल्या होत्या. परेड त्यांनी टीव्हीवर बघितलेली. माहिती मागवली तेव्हा अकादमीच्या ऑफिसातल्या जुन्या कारकुनाने लिहिलं, आमचा रंगारी किसन शिरूरकडे राहतो, त्याला विचारा, त्याला सगळं तोंडपाठ आहे.

साहेब गाडी घेऊन आले. चार फोटो आणि एक कच्चं चित्र. आबांनी ते माझ्या काउंटरवर पसरलं, दोरी काढली आणि खालून वर बघायला सुरुवात केली.

"ह्यो घोडा पडनार."

"का?" साहेब हसले.

"पुढचा उजवा आन् मागचा उजवा येकदम उचललाय. पायरीवर आसा घोडा चडतो व्हय? आन् ह्या सायबाची छडी चुकीच्या बगलेत हाय. निशान बी उलट्या अंगाला फडकतंय. परेड सकाळची आसती, तवा वारं झाडांकडनं येतं."

साहेबांचं हसू जरा कमी झालं. त्यांनी वही काढली. आबा सांगत गेले. परेड संपली की सर्वांत शेवटी पांढरा घोडा स्वारासकट दालनाच्या पायऱ्या चढून आत जातो, ती तिथली रीत. चूक केली की पोराला स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन पळावं लागतं. नवीन आलेला प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी मोठ्या वडाच्या बुंध्याशी आपल्या गावची मूठभर माती टाकतो. "त्या वडाखाली सगळ्या मुलखाची माती हाय. म्या निमोन्याची टाकली हुती. रंगाऱ्यानं टाकावी का न्हाई, कुनाला इचारलं न्हाई."

साहेब तीनदा आले. चौथ्यांदा म्हणाले, "आबा, मी काय म्हणतो, तुम्हीच पायाभूत काम करून टाका. मी शेवटचा हात फिरवतो."

इथे मी मध्ये पडलो. माझं कामच ते. माझ्या गाळ्याच्या मागे बसून दोन तास घासाघीस केली. रंग साहेबांचे, कापड साहेबांचं, जागा माझी, फ्रेम माझी, आबांची मजुरी इतकी. सगळं ठरलं आणि साहेब उठले, तेव्हा कोपऱ्यात बसलेले आबा म्हणाले, "खाली नाव टाकीन म्हनतो."

मी चकित झालो. साहेब लगेच म्हणाले, "टाका की! त्यात काय एवढं!"

मी आयुष्यभर भाव केलेत. जो पहिल्या फटक्यात हो म्हणतो, त्याचा हो कच्चा असतो, हे मला सायकलवर असल्यापासून माहीत आहे. मजुरीच्या एका आकड्यासाठी मी त्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवला होता. नाव त्याने अर्ध्या क्षणात दिलं आणि मला काही खटकलं नाही, कारण मला स्वतःलाच नावाची किंमत कळली नव्हती. मजुरी मी चिठ्ठीवर लिहून घेतली. नाव लिहून घेतलं नाही.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "आबा, आजवर कधी नाव टाकलं नाही, आता कसं काय?"

"तीस वर्सं तिथं सगळ्यांची नावं लिव्हली. आता येक माजं ऱ्हाऊ दे. बारीक टाकीन."

चित्र माझ्या गोदामात झालं. आठ फूट रुंद, पाच फूट उंच कॅनव्हास, चारी बाजूंनी दुमडायला कोरा काठ सोडून भिंतीला ठोकलेला. आबा रोज निमोण्याहून एस.टी.ने यायचे, बूट काढून ओळीत ठेवायचे आणि अनवाणी काम करायचे. चार महिने. मी बघत होतो. वड आला, सायकल खांद्यावर घेतलेली पोरं आली, निशाण बरोबर वाऱ्याला फडकलं, आणि मधोमध तो पांढरा घोडा पहिल्या पायरीवर पाय ठेवताना. त्याचे खूर अगदी चित्राच्या खालच्या कडेला आणले होते. मी म्हटलं, थोडे वर घ्या, फ्रेममध्ये दबतील. तर म्हणाले, "फ्रेम अर्धा इंच दाबती, त्ये धरलंय. घोडा बगनाऱ्याच्या पायाशी याया पायजे. मंग बगनारा आपसूक बाजूला व्हतो."

उजव्या हाताला दालनाचा खांब होता. खांबाच्या तळाशी, मागून, दोन पाय दिसत होते. टायरच्या चपला घातलेले.

"हे कोण?"

"रामसूरत. सईस, घोड्याची निगा राखनारा. यूपीचा. घोडं शेवटच्या पायरीला घसरतं, म्हनून ह्यो खांबामागं गूळ घिऊन हुबा ऱ्हायचा. सगळी दुनिया फोटू काढायची, ह्यो कंच्याच फोटुत न्हाई. हुकूमच हुता, दिसायचं न्हाई." आबा हसले. "म्या बी त्येला दाखवला न्हाई. नुसतं पाय दाखवलं. हुकूम मोडला न्हाई."

आणि त्या पायांच्या खाली, अगदी कोपऱ्यात, पायरीच्या रंगाहून जरा उजळ रंगात अक्षरं: किसन धोंडिबा, निमोणे. लिहायच्या आधी त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि मला तीनदा वाचायला लावलं.

साहेब आले, दोन दिवस इथे-तिथे हात फिरवला, आणि चित्र गुंडाळून पुण्याला घेऊन गेले. आतल्या लाकडी चौकटीवर तिकडेच ताणून घेतो म्हणाले. मला बाहेरच्या फ्रेमचं माप चिठ्ठीवर दिलं. रेल्वेच्या जुन्या डब्यांचं सागवान मी दौंडला लिलावात घेऊन ठेवलं होतं. तसं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. दौंडच्या माझ्या सुताराकडून फ्रेम करून घेतली. चिठ्ठीवर उंची पाच फुटांऐवजी चार फूट आठ इंच होती. आमच्या धंद्यात चिठ्ठीवर जे माप असेल ते कापायचं, उलट विचारायचं नाही. मी विचारलं नाही.

पार्सल दौंडहून जायचं होतं. साहेबांची माणसं ताणलेलं चित्र घेऊन थेट सुताराकडे आली. धूळ लागू नये म्हणून पुढून जाड कापड शिवलेलं. गाडीला दोन तास होते. मी चित्र पालथं घातलं आणि फ्रेम बसवायला घेतली. खालच्या कडेला कापडाची घडी इतर तीन बाजूंपेक्षा जाड होती. दुहेरी दुमडून बारीक खिळे मारले होते आणि घडीच्या कडेला तपकिरी रंगाची रेघ दिसत होती. कोऱ्या काठाला रंग नसतो. हे मला कळत होतं. पण साहेबांनी त्याच दिवशी मला आणखी बारा फ्रेमची ऑर्डर दिली होती, मी खुशीत होतो, आणि गाडीची घाई होती. रंग ओघळला असेल म्हणालो. मागून प्लायवूड लावलं आणि खालच्या पट्टीला अठरा खिळे मारले. माझ्या हाताने.

कार्यक्रमाला मी आणि आबा दौंडहून रेल्वेने गेलो. आबांनी नवा पांढरा शर्ट शिवला होता. दालनात पोचल्यावर त्यांना कुणीतरी मागच्या रांगेत, नोकरवर्गात बसवलं. मी भांडायला उठलो तर म्हणाले, "बसा. माजी जागा हितंच हुती." पडदा सरकला. टाळ्या झाल्या. सगळी मोठी माणसं चित्राकडे बघत होती. एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. खाली पितळी पट्टी होती. तिच्यावर तुकडीचं नाव आणि चित्रकारसाहेबांचं नाव.

गर्दी चहाकडे गेली तेव्हा आबा पुढे गेले. नेहमीप्रमाणे खाली बघितलं. मग वाकले. मग गुडघ्यांवर बसले. मी त्यांच्या मागे होतो. घोडा पोटऱ्यांपर्यंत होता, खाली सागवान. खांब होता, पाय नव्हते. कोपऱ्यात, जिथे फ्रेम सुरू होते त्याच्या जरा वर, साहेबांची लफ्फेदार सही.

मला सगळं एकदम समजलं. ती जाड घडी, ती तपकिरी रेघ, चार फूट आठ इंच. माझं डोकं गेलं. चहाच्या टेबलापाशी जाऊन मी साहेबांचा दंड धरला. "नाव कुठंय?"

"अहो, भिंतीला माप बसत नव्हतं. चार इंच दुमडावं लागलं. चित्राला काही धक्का नाही ना?"

मी त्यांना चित्रापाशी आणलं, आबांच्या खिशातली दोरी ओढून काढली आणि सगळ्यांसमोर भिंत मोजली. फ्रेमच्या खाली दीड फूट मोकळी होती. "हे काय आहे? ही भिंत नाही का? बोला!" एक अधिकारी पुढे आला, फार सभ्यपणे म्हणाला, "हम देख लेंगे." मी आणखी ओरडणार, तेवढ्यात आबांनी माझी बाही ओढली.

"शेठ, हितं आवाज चडवायचा न्हाई. त्येला भाईर मैदान हाय."

"आबा, तुमचं नाव..."

"नावाचं ऱ्हाऊ द्या." त्यांनी माझ्या हातातून दोरी घेऊन तिची नीट गुंडाळी केली. "पर घोडं आता हुबं कशावर हाय? आन् रामसूरतला पुन्ना काढला की भाईर."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून होते. मी साहेबांना शिव्या घालत होतो. दौंड जवळ आल्यावर आबा म्हणाले, "तुमी बी खिळं नीट मारलं हुतं. येकसुद्धा वाकडा न्हाई." टोमणा होता की कौतुक, मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांना घडीबद्दल सांगितलं. घडी दिसली होती, तरी ठोकलं, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

पुढे शिरूरला फ्लेक्सचं मशीन आलं. तासाभरात बोर्ड, त्यावर नेत्याचा फोटो, खाली वीस जणांची नावं. आबांकडचं काम एका वर्षात बसलं. अर्धा गाळा सोडला, तरी बाजाराच्या आदल्या दिवशी येऊन दगड रंगवून जायचे. चहावाल्याने थट्टा करायची सोडली होती. तो नुसता कप भरून द्यायचा.

मी पुण्याला साहेबांच्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी दारातच विचारलं, "तुमच्या फ्रेमचं बिल मिळालं ना?" मिळालं होतं. त्यांच्या बारा फ्रेमची ऑर्डर मी परत केली. तेवढंच मला करता आलं, आणि तेवढ्याने काही होत नाही. अकादमीला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं की, पत्र मिळालं, बाब विचाराधीन आहे. पुढच्या दोन्हींना उत्तर नाही.

आबांना मी शेवटचं पाहिलं ते गोदामात. दुपार होती. काच आणायला गेलो तर दार उघडं, दाराशी बूट ओळीत. ज्या भिंतीला कॅनव्हास ठोकला होता, तिच्यावर अजून खिळ्यांची भोकं होती आणि कडेने उडालेल्या रंगाची चौकट. मधली भिंत कोरी. त्या चौकटीच्या तळाशी आबा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि खूर रंगवत होते. तीन झाले होते, तसेच, त्याच मापाचे. उजवीकडे टायरच्या चपलांतले दोन पाय. वर काही नाही. घोडा नाही, खांब नाही. नुसते पाय.

मी विचारलं, "आबा, आणि नाव?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. "नाव तिकडं हाय की. घडीत हाय, पर हाय. येकदा लिव्हलंय. दुसऱ्यांदा कशाला?"

चौथा खूर अर्धा राहिला. पुढच्या आठवड्यात निमोण्याहून आबा गेल्याचा निरोप आला. भिंत मी तशीच ठेवलीये. गोदाम विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाईकाला सांगितलं, ही भिंत सोडून भाव कर. तो निघून गेला.

आता माझी मागणी. अकादमीवाल्यांनो, तुमच्या दालनात रंगाऱ्याने लिहिलेली शेकडो नावं आहेत. त्यातलं एकही चुकलेलं नाही. त्याचं स्वतःचं नाव तुमच्याच भिंतीवर, माझ्या प्लायवूडच्या आत, उलटं दुमडून पडलंय. खालच्या पट्टीत अठरा खिळे आहेत, ते मी मारलेत आणि ते मीच काढीन. बोलवा मला. प्रवासखर्च नको, चहाही नको. पकड मी घेऊन येतो. माझ्या वाटणीचा जबाब मी वर लिहून दिलाय, त्यात काही लपवलं नाही.

आणि चित्रकारसाहेब, त्या दिवशी तुम्हीही या. मी घडी उलगडीन तेव्हा चित्रासमोर उभे राहा, हाताने मोजा ती खालची दीड फूट मोकळी भिंत, आणि सगळ्यांसमोर सांगा: ते चार इंच तुम्हाला कुठे अडत होते?